गाडीची डिकी उघडत नाहीये? नवीन लोकांसाठी एकेक स्टेप

हॅचबॅक किंवा एसयूव्हीचा मागचा दरवाजा, म्हणजे आपण ज्याला सरळ डिकी म्हणतो तो, एक दिवस अचानक उघडेनासा होतो आणि अशा वेळी जवळजवळ सगळेच जण पहिल्यांदा काय करतात तर हँडल धरून जोरात ओढतात. ते प्लीज करू नका. आताच्या बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हँडलचा आणि लॉकचा थेट काही संबंध नसतो, नंबर प्लेटच्या वर पट्टीखाली एक रबरी बटण असतं, ते दाबलं की नुसता सिग्नल जातो आणि लॉक उघडायचं काम आतली छोटी मोटर करते. म्हणजे तुम्ही कितीही ओढलं तरी लॉकला ते कळतच नाही, तुटते ती वरची प्लास्टिकची पट्टी नाहीतर तिच्या क्लिपा, आणि मग एकाऐवजी दोन कामं होऊन बसतात.

त्यामुळे आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि मगच हात लावायचा. शोधायला फार अवघड नाहीये, बरंचसं तर नुसतं कान देऊन कळतं.

आत काय असतं ते आधी समजून घ्या

दरवाजाच्या खालच्या कडेला मधोमध लॅच असतो आणि त्याच्या बरोब्बर समोर गाडीच्या बॉडीवर यू आकाराचा जाड लोखंडी दांडा असतो (काही गाड्यांत हे उलटं असतं, लॅच खाली आणि दांडा दरवाज्यावर). लॅचमध्ये एक फिरणारा आकडा आहे. दरवाजा आपटला की दांडा त्या आकड्यात शिरतो, आकडा फिरतो, आणि मागून एक छोटी खिट्टी येऊन त्याला अडवून धरते. डिकी उघडणं म्हणजे ती खिट्टी बाजूला सरकवणं, बस, एवढंच. ती सरकवायला कुठे मोटर असते, कुठे ड्रायव्हरच्या सीटजवळच्या खटक्यापासून मागेपर्यंत आलेली केबल असते, कुठे किल्लीच्या कुलपापासून आलेली सळई असते, आणि काही गाड्यांत यातलं दोन दोन असतं.

मग बिघाडसुद्धा तीनच जागी होऊ शकतो. एक, खिट्टीपर्यंत हुकूमच पोचत नाहीये, म्हणजे करंट नाही किंवा केबल गेलीय. दोन, हुकूम पोचतोय पण लॅच जाम आहे. तीन, लॅच सुटलाय पण दरवाजा वर येत नाहीये. खालचं सगळं या तीनपैकी आपलं कुठलं आहे हे ठरवण्यासाठी.

स्टेप १: साध्या गोष्टी आधी संपवा

हे वाचून वाटेल की एवढं तर कळतं आम्हाला, तरी एकदा करून बघाच, कारण गॅरेजला गेलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच सुटल्या असत्या.

चारही दरवाजे अनलॉक करा, नुसता ड्रायव्हरचा नको. खूप गाड्यांत किल्लीचं बटण एकदा दाबलं की फक्त ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो आणि डिकी लॉकच राहते, दुसऱ्यांदा दाबलं की बाकीचं उघडतं. आतून सेंट्रल लॉकचं बटण दाबून पण बघा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कवर आहे ना ते बघा. विनाकिल्लीच्या गाडीत किल्ली खिशात घेऊन मागे उभे राहा, पुढच्या सीटवर पडलेली किल्ली मागच्या अँटेनाला दिसत नाही कधीकधी. रिमोटचा सेल संपत आला असेल तर रेंज कमी होते, तो बहुतेक रिमोटमध्ये नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, बदलायला मिनिटभर लागतो.

काही गाड्यांत ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डखाली डिकी बंद ठेवायचा वेगळा स्विच असतो, गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना कोणी डिकी उघडू नये म्हणून दिलेला. सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीत तो चुकून दाबला गेलेला असू शकतो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा, त्यात डिकीचं पान शोधा, तिथे हे सगळं लिहिलेलं असतं.

आणि आत सामान खच्चून भरलं असेल तर? बॅग दरवाजाला आतून रेटत असते, त्यामुळे आकड्याचा सगळा दाब खिट्टीवर येतो आणि मोटरमध्ये तेवढी ताकद नसते. अशा वेळी एकाने बाहेरून दोन्ही तळव्यांनी डिकी आत दाबून धरायची, लॅच आहे तिथेच, खाली मधोमध, आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. दाब सुटतो आणि खटकन उघडते. ही युक्ती लक्षात ठेवा, लॅच गंजाने थोडा अडकला असेल तरी हीच उपयोगी पडते.

स्टेप २: ऐका

आता खरी तपासणी. जागा शांत पाहिजे, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद. एक माणूस बटण दाबेल, दुसऱ्याने डिकीच्या खालच्या भागाला अगदी कान लावायचा. एकटे असाल तर रिमोटने करा.

काहीच आवाज नाही, अगदी शांत: करंट पोचत नाहीये. फ्यूज, स्विच, वायर किंवा बॅटरी. स्टेप ३ ला जा.

आवाज येतो, टक् किंवा झर्रर्र असा, पण दरवाजा हलत नाही: मोटर जिवंत आहे, लॅच जाम आहे किंवा मोटरच्या आतले प्लास्टिकचे दाते झिजलेत. दाते गेले असतील तर आवाज नेहमीपेक्षा लांब आणि पोकळ येतो, मोटर रिकामी फिरत असते ना. सरळ स्टेप ४.

नेहमीसारखा खणखणीत आवाज येतो आणि दरवाजा केसभर वर पण येतो पण पुढे नाही: लॅच सुटलाय. मग कडेचं रबर चिकटलंय, किंवा थंडीत गोठलंय, किंवा डिकी वर उचलून धरणारे गॅसचे शॉक गेलेत. याचं खाली शेवटी सांगतो, ते तुलनेने सोपं आहे.

एक गोष्ट मात्र नीट ओळखा. सगळे दरवाजे लॉक अनलॉक होताना जो आवाज येतो तो वेगळा आणि डिकीचा लॅच सुटल्याचा आवाज वेगळा. बाजूच्या दरवाज्यांचा आवाज ऐकून डिकीची मोटर चालतेय असा घोळ खूप जणांचा होतो, म्हणून आधी गाडी पूर्ण अनलॉक करा, मग फक्त डिकीचं बटण दाबा आणि तेव्हाचा आवाज ऐका.

स्टेप ३: करंटची बाजू

बॅटरीपासून सुरुवात. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या आसपास आलं म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली आलं म्हणजे जवळजवळ रिकामी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. बॅटरी पार झोपली असेल तर डिकी उघडणार नाही आणि त्यात डिकीचा काही दोष नाही, आधी बॅटरी चार्ज करा. इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू आहे, मोठी बॅटरी फुल्ल असली तरी लॉकं वगैरे वेगळ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. आणि काही गाड्यांत ही बॅटरीच डिकीत असते, म्हणजे बॅटरी मेली म्हणून डिकी उघडत नाही आणि डिकी उघडत नाही म्हणून बॅटरीला हात पोचत नाही. घाबरू नका, अशा गाडीला बॉनेटखाली दुसऱ्या बॅटरीवरून जंप देण्यासाठी लाल झाकणाचं वेगळं टोक दिलेलं असतं, तिथून करंट द्यायचा.

मग फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तकात नकाशा असतो, त्यात डिकी, सेंट्रल लॉक, मागचा वायपर असं जे जे दिसेल ते काढून उजेडात धरून बघा, आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली की गेला. बदलताना जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका. १५ चा उडाला म्हणून ३० चा टाकला तर फ्यूज टिकेल हो, पण वायर जळेल, आणि ती वायर गाडीच्या छताच्या कापडामागून जाते, तिथे आग म्हणजे खेळ नाही. नवीन टाकल्यावर लगेच परत उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज बदलत बसू नका, वायर शोधा.

आता एक छान खूण सांगतो. डिकीच्या दरवाज्यावर काय काय विजेवर चालतं? नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेवरचा हीटर, वरचा तिसरा ब्रेक लाइट, कॅमेरा असेल तर तो. हे सगळं एकेक चालू करून बघा. यातलं पण काहीतरी बंद असेल, किंवा कधी चालतं कधी नाही असं होत असेल, तर बहुतेक वेळा वरच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली आहे. दरवाजा दर वेळी उघडला मिटला की त्या वायरी त्याच एका जागी वाकतात, वर्षानुवर्षं, आणि आतलं तांबं एकेक तार करून तुटतं. ही दुरुस्ती डिकी उघडल्यावरच करता येते म्हणून ती पुढे स्टेप ६ मध्ये घेतली आहे.

बाकी सगळं व्यवस्थित चालतंय, रिमोटने किंवा आतल्या बटणाने डिकी उघडते, फक्त बाहेरचं बटण दाबलं की नाही? मग बाहेरचा स्विच गेलाय. त्याच्यावरचं रबर उन्हाने चिकट होऊन फाटतं, पाणी शिरतं, आतला कॉन्टॅक्ट गंजतो. आणि उलट, बाहेरच्या बटणाने उघडते पण रिमोटने नाही, तर भानगड रिमोटमध्ये आहे, डिकीला हात लावायची गरज नाही.

स्टेप ४: आतून उघडणे

बाहेरून काहीच जमेना तर आतून जायचं. बऱ्याच सेडान गाड्यांत डिकीच्या आत अंधारात चमकणारी खेचायची दोरी किंवा हँडल असतं, अमेरिकेत तर १ सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या सेडान कार्सना ते सक्तीचं आहे, पण तो नियम मागे दरवाजा असलेल्या गाड्यांना लागू नाही, त्यामुळे हॅचबॅकमध्ये ते मिळेलच असं नाही. हॅचबॅकमध्ये वेगळी सोय असते ती शोधू या.

मागची सीट पाडा (पाठीच्या वरच्या कडेला खटका असतो), वरची पार्सल ट्रे काढा, टॉर्च घेऊन आत सरका. हे करताना गाडीचे दरवाजे उघडे ठेवा, किल्ली खिशात ठेवा आणि बाहेर एक माणूस असू द्या. लहान मुलाला अंग बारीक आहे म्हणून आत पाठवू नका.

डिकीच्या आतल्या प्लास्टिकच्या पॅनेलवर, खाली मधोमध, लॅचच्या जवळपास, एक छोटं चौकोनी झाकण किंवा नुसती फट दिसते का ते बघा. झाकण असेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, टोकाला आधी टेप गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत. आत लॅचचा एक लहानसा खटका दिसेल, बऱ्याचदा पांढरा किंवा रंगीत प्लास्टिकचा. तो एका बाजूला सरकवायचा, कुठल्या बाजूला ते गाडीप्रमाणे बदलतं, म्हणून हलक्या हाताने दोन्हीकडे ढकलून बघा, ज्या बाजूला स्प्रिंगचा दाब जाणवतो ती बाजू खरी. त्याच वेळी बाहेरच्या माणसाने डिकी आत दाबून मग वर उचलायची.

झाकण नसेल तर पॅनेल काढावं लागतं आणि हे जरा जिकिरीचं आहे, कारण दरवाजा बंद असताना पॅनेलची खालची कड उंबऱ्याच्या प्लास्टिकमागे अडकलेली असते. आधी स्क्रू शोधा, ते बहुतेक आतल्या हाताच्या खाचेत किंवा छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. मग पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी कडेत सरकवा आणि क्लिप जिथे आहे त्याच्या अगदी जवळ धरून झटका द्या. क्लिपपासून लांब धरून ओढलं की पॅनेल वाकतं नाहीतर चिरतं. पूर्ण निघालं नाही तरी चालेल, वरून हात आणि टॉर्च जाईल एवढी फट पुरे. हात घालायच्या आधी जाड हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा चाकूइतक्या धारदार असतात.

फक्त दरवाज्याचं पॅनेल काढा, बाजूच्या खांबांवरची प्लास्टिकं ओढू नका. बऱ्याच गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचं सामान छताच्या कडेला आणि मागच्या खांबांत असतं.

आत हात गेला की लॅचपर्यंत आलेली केबल किंवा सळई सापडते का बघा आणि तीच हाताने ओढा. किल्लीच्या कुलपाची सळई असेल तर तिच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप निसटलेली असण्याची शक्यता खूप, किल्ली फिरते पण आत काहीच होत नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं. क्लिप नवीन लावली की काम संपलं.

स्टेप ५: उघडली, आता लॅच बघा

डिकी उघडली की आनंदाच्या भरात परत बंद करू नका! हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. बंद केलीत तर परत पहिल्यापासून.

दरवाजा उघडाच ठेवून चाचणी करायची. लॅचमधला आकडा बघा, त्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हरची दांडी घाला, दरवाजा बंद होताना लोखंडी दांडा जसा आत जातो तसाच, आणि दाबा. एक टक् येईल, अर्धं लॉक. अजून दाबा, दुसरा टक्, पूर्ण लॉक. आता डिकीचं बटण दाबा. आकडा स्वतःहून उसळून उघडला पाहिजे. ही चाचणी सलग आठ-दहा वेळा करा. एकदा जरी अडखळला तरी लॅचचं काम बाकी आहे. आणि काम थांबवताना आकडा उघडा आहे ना ते बघा, मिटलेल्या आकड्यावर दरवाजा आपटला तर तो दांड्यावर आदळून पत्रा किंवा लॅच वाकेल.

अडखळतोय तर साफसफाई. जुनं ग्रीस धुळीने काळं आणि घट्ट होतं, आणि तेच खिट्टीला धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे आकड्यावर आणि खिट्टीवर मारा, थोडं थांबा, स्क्रू ड्रायव्हरने आकडा मिटवा-उघडा करत राहा, खाली फडकं धरा, काळं पाणी गळायचं थांबेपर्यंत. मग कोरडं पुसा आणि पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा, थोडंसंच, जास्त लावलं की परत धूळ चिकटते. नुसता स्प्रे मारून सोडून देऊ नका, तो गंज सोडवायला चांगला पण टिकाऊ वंगण म्हणून त्याचा उपयोग नाही, काही आठवड्यांत उडून जातो आणि उरलेलं ग्रीस पण धुऊन नेतो. किल्लीच्या कुलपात मात्र ग्रीस घालायचं नाही, तिथे ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे.

साफ केल्यावरही मोटर झर्रर्र करते आणि आकडा सुटत नाही, तर आतले दाते गेलेत. लॅच बहुतेक गाड्यांत मोटरसकट एकच पार्ट म्हणून येतो. दोन-तीन बोल्ट, साधारण १० नंबरचा पाना किंवा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट, आणि एक वायरचा सॉकेट. बोल्ट सैल करायच्या आधी लॅचच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे नवीन बसवताना तीच जागा मिळेल. जुन्या पार्टवरचा नंबर बघूनच नवीन मागवा, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे लॅच बदललेले असतात.

मोटरपर्यंत करंट येतोय का ते बघायचं असेल तर सॉकेट काढून त्यात टेस्ट लॅम्प (करंट आहे का बघायचा छोटा दिवा) लावा आणि कोणालातरी बटण दाबायला सांगा. दिवा क्षणभर पेटला म्हणजे करंट येतोय, लॅच खराब. पेटलाच नाही तर मागे जा, स्विच आणि वायर. इथे मल्टिमीटरपेक्षा दिवा बरा, कारण करंट अर्धा सेकंद वगैरेच येतो आणि मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो गेलेला असतो.

बाहेरच्या स्विचचा संशय असेल तर त्याचा सॉकेट काढा आणि स्विचच्या दोन पिनांवर मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणारी सेटिंग) लावा, दाबल्यावर बीप यायला हवी, सोडल्यावर थांबायला हवी. दाबलं तरी बीप नाही, किंवा न दाबताच सतत बीप, दोन्ही वाईट. पिना दोनपेक्षा जास्त असतील तर अंदाजाने जोडाजोडी करू नका, त्यात दिव्याची वायर पण असू शकते.

स्टेप ६: रबरी नळीतली वायर

हे काम शांतपणे, भरपूर उजेडात करायचं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा (किल्ली आत ठेवून दरवाजे बंद होऊ देऊ नका). डिकीला आधार द्या, नुसत्या गॅस शॉकवर विसंबून डोकं खाली घालू नका. मग दरवाजा आणि छत यांच्या मध्ये जी काळी चुण्याचुण्यांची नळी आहे तिचं एक टोक हाताने पिळून खोबणीतून बाहेर काढा आणि नळी मागे सरकवा.

आतल्या वायरी एकेक करून चिमटीत धरा आणि हलकेच ताणा. चांगली वायर ताणत नाही. तुटलेली वायर मात्र रबरबँडसारखी लांब होते, कारण आत तांबं राहिलेलंच नसतं, नुसतं वरचं आवरण असतं. काहींचं आवरण पण चिरलेलं असेल आणि आत तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं दिसेल. एक तुटलेली सापडली म्हणून थांबू नका, सगळ्या तपासा, शेजारच्या दोन-तीन तुटायच्या बेतात असतातच.

दुरुस्ती करताना नुसती पिळून टेप लावली तर चार दिवस चालेल. नीट करायचं तर वायरचा खराब भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून टाका आणि मध्ये नवीन तुकडा घाला, तेवढ्याच जाडीचा, बारीक बारीक तारांचा लवचिक. हीटरची वायर जाड असते, तिथे बारीक वायर घातली तर ती तापेल. जोड सोल्डर करायच्या (कथील वितळवून जोडायच्या) आधीच हीट श्रिंकची नळी (तापवली की आक्रसून जोडावर घट्ट बसते ती) वायरवर सरकवून ठेवा, नंतर ती घालता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोड वाकणाऱ्या जागेत येऊ देऊ नका. सोल्डर लावलेली वायर कडक होते आणि जोडाच्या अगदी शेजारी परत तुटते, म्हणून नवीन तुकडा एवढा लांब घ्या की एक जोड छताच्या आत आणि दुसरा दरवाज्याच्या आत जाईल, मध्ये नळीत फक्त सलग वायर. सगळे जोड एकाच रांगेत पण नकोत, मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होऊन नळी परत बसणार नाही. एका वेळी एकच वायर कापा आणि जोडा, रंग सारखे असले तर कुठली कुठे हे नंतर कळत नाही.

नळी परत बसवताना तिची कड खोबणीत सगळीकडून बसली ना ते बोटाने फिरवून बघा, नाहीतर पावसाचं पाणी थेट छताच्या कापडात उतरेल.

केबलवाली गाडी असेल तर

सीटजवळचा खटका ओढल्यावर हाताला कसं लागतं त्यावरून सगळं कळतं. अगदी सैल, काही दाबच नाही: केबल तुटली किंवा टोकाच्या आकड्यातून निसटली. घट्ट आहे पण पूर्ण ओढूनही सुटत नाही: केबल ताणून लांब झालीय किंवा लॅच गंजलाय. एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने डिकी दाबून उचलायची, या जोडीने बहुतेक वेळा एकदा तरी उघडतेच. मग केबलचं बाहेरचं आवरण ज्या क्लिपमध्ये बसतं ती क्लिप बघा, ती तुटली की आवरणच पुढे सरकतं आणि ओढलेली सगळी लांबी वाया जाते. खटक्याचं प्लास्टिक तुटलं असेल तर तात्पुरतं केबलचं टोक पक्कडीत धरून ओढता येतं.

लॅच सुटतो पण दरवाजा वर येत नाही

रबर चिकटलं असेल तर कडेकडेने तळव्याने दाबत जा, मग खालून दोन्ही हातांनी एकसारखं उचला. थंड हवेत बर्फ धरला असेल तर कोमट हवा किंवा बर्फ वितळवायचा स्प्रे वापरा, उकळतं पाणी काचेवर ओतू नका, काच तडकते. उघडल्यावर रबर पुसून सिलिकॉन स्प्रे लावा.

गॅसचे शॉक गेले असतील तर दरवाजा जड लागतो आणि सोडला की खाली येतो. ते जोडीनेच बदला, एकच बदलला तर दरवाजा एका बाजूला पिळतो. जुन्यावर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते, तीच घ्या. काढताना दुसऱ्या माणसाने दरवाजा धरायचा किंवा पक्का खांब लावायचा, मग टोकाच्या गोलावरची स्प्रिंग क्लिप छोट्या स्क्रू ड्रायव्हरने थोडी उचलून शॉक बाहेर ओढा. जुना शॉक भोसकू नका, कापू नका, त्यात जबरदस्त दाबाखाली गॅस असतो.

मोटरने आपोआप उघडणारी डिकी असेल तर तिला हाताने जबरदस्ती वर ढकलू नका, आतल्या स्क्रूवर ताण येतो. बॅटरी काढली लावली असेल तर ती आपली जागा विसरते, बऱ्याच गाड्यांत हाताने एकदा पूर्ण बंद केली की परत चालू होते, नाहीतर पुस्तकात रिसेट करायची पद्धत दिलेली असते.

बंद करायच्या आधी

बॅटरी जोडा, स्क्रू ड्रायव्हरची ती आकड्याची चाचणी परत करा, बाहेरचं बटण, रिमोट, आतला खटका, जे जे आहे त्या प्रत्येकाने. वायपर, नंबर प्लेटचा दिवा, ब्रेक लाइट बघा. पॅनेल अजून लावू नका. मागची सीट पाडलेलीच ठेवा, म्हणजे काही झालं तर आतला रस्ता मोकळा राहील. आता डिकी हळूच बंद करा आणि उघडा. आपटल्याशिवाय लागत नसेल किंवा लागल्यावर खडखडत असेल तर खालचा यू दांडा थोडा सरकलाय, त्याच्या जुन्या जागेची रेघ मारा, बोल्ट सैल करून एकदोन मिलिमीटर हलवा, घट्ट करा, परत बघा. हे दोनतीनदा करावं लागतं, एका फटक्यात जमत नाही. सगळ्या बटणांनी नीट उघडायला लागली की मगच पॅनेलच्या क्लिपा ठोका, तुटलेल्या क्लिपांच्या जागी नवीन घाला नाहीतर रस्त्यावर पॅनेल वाजत राहतं, आणि ते आतल्या खटक्याचं छोटं झाकण लावताना एकदा घरच्या बाकीच्यांना पण दाखवून ठेवा.